तराजूबाहेरचं फूल

ग्वाल्हेरच्या खासगी बाजारात दिवेलागणीच्या सुमाराला एखाद्या जुन्या वाड्याच्या भिंतीवर मधुमालती असली, की तिचा वास आधी येतो आणि वेल मागाहून दिसते. किराणा दुकानातला हिंगाचा वास, कढईतल्या कचोरीचा, गाड्यांच्या धुराचा, या सगळ्यांतून तो वाट काढतो. मान वर केली की सज्ज्यावरून लोंबणारे घोस दिसतात. पांढरी, गुलाबी आणि लालभडक फुलं एकाच घोसात. खाली रस्त्यावर गेंद्याच्या माळा आणि गुलाब, बेला यांचा सौदा चाललेला असतो. वर लोंबणाऱ्या घोसांकडे फुलवाला पाहतही नाही. त्याच्या लेखी ते फूलच नाही.

ज्या फुलाचा वास गल्लीभर पसरतो, त्याला बाजारात कवडीचाही भाव असू नये, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

बाजाराच्या नावातला 'खासगी' हा शब्दही हिशेबातलाच. मराठा दौलतीत सरकारी जमाखर्च वेगळा आणि राजघराण्याचं खासगीकडचं खातं वेगळं असे. इंदूरच्या होळकरांची खासगी तर अहिल्याबाईंच्या दानधर्मामुळे देशभर माहीत झाली. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला. तो तळ पुढे उठलाच नाही, आणि त्या छावणीचं लष्कर नावाचं शहर झालं. दौलतगंज, जनकगंज, माधवगंज, फालका बाजार, शिंदे की छावणी ही नावं त्या शहराच्या पाट्यांवर अजून आहेत, आणि खासगी बाजार हे त्यांतलंच एक. पाट्या हिंदीत, बोलणं हिंदीत, नावं मात्र दख्खनच्या माणसांनी मागे ठेवलेली.

मधुमालती या मुलखाची नव्हे. तिचं शास्त्रीय नाव काँब्रेटम इंडिकम. जुन्या पुस्तकांत ती क्विसक्वालिस इंडिका म्हणून भेटते. इंग्रज तिला रंगूनची वेल म्हणत आले. ब्रह्मदेशापासून मलाया, फिलिपीन्स आणि न्यू गिनीपर्यंतच्या दमट रानांत ती आपल्या आपण वाढते. आपल्याकडच्या अर्जुन, ऐन, हिरडा, बेहडा या झाडांच्या कुळातली ही वेल आहे, हे तिच्या नाजूक घोसांकडे पाहून सहज पटत नाही. शिवाय लावल्यावर सुरुवातीचे काही महिने ती वेलीसारखी वागतच नाही. कमरेएवढं झुडूप होऊन बसते. मग बुंध्यातून लांब फोक फुटतात आणि आधार शोधत निघतात.

तिची ही रीत सतराव्या शतकात लिहून ठेवली ती गेऑर्ग एबरहार्ड रुम्फियस या माणसाने. जन्माने जर्मन, नोकरी डच ईस्ट इंडिया कंपनीची, आणि मुक्काम आज इंडोनेशियात असलेल्या अंबोन बेटावर. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली. चार वर्षांनी झालेल्या भूकंपात बायको आणि मुलगी गेल्या. तरी तो सांगत राहिला आणि लेखनिक लिहीत राहिले. १७०२ मध्ये तो वारला. त्याचा 'हर्बेरियम अंबोइनेन्से' हा ग्रंथ छापून यायला १७४१ साल उजाडलं. लिनियसने १७६२ मध्ये या वेलीचं नामकरण केलं तेव्हा रुम्फियसने दिलेलं नावच उचललं.

कंपनी अंबोनला येऊन बसली होती तीही एका फुलासाठीच. लवंग म्हणजे न उमललेली कळी. तिचा भाव उतरू नये म्हणून डचांनी लवंगेची लागवड अंबोन आणि लगतच्या काही बेटांपुरती आवळून ठेवली आणि बाकीच्या बेटांवरची झाडं तोडायला लावली. त्या एका कळीपायी लढाया झाल्या, गावं उठली. त्याच बेटावर वाढणाऱ्या मधुमालतीला जागा मिळाली ती एका दृष्टिहीन माणसाच्या वहीत. खासगी बाजारातल्या दुकानदाराकडे लवंग आजही झाकणाच्या बरणीत असते आणि ग्रॅमवर तोलून मिळते.

मधुमालतीचं एकच फूल हातात घेऊन पाहावं. देठ वाटावा अशी सहा-सात सेंटिमीटर लांबीची, काडीएवढी बारीक नळी. नळीच्या तोंडाशी पाच पाकळ्या आणि दहा पुंकेसर. पाच थोडे वर, पाच थोडे खाली. मध आहे तो नळीच्या तळाशी, तोंडापासून बोटभर आत. संध्याकाळी कळी उमलते तेव्हा पाकळ्या आतून पांढऱ्या असतात आणि फूल समोर तोंड करून, जवळजवळ आडवं असतं. वासाचा सगळा भर याच पहिल्या रात्री. अंधारात पांढरा रंग दिसतो, वास लांबून कळतो, आणि बोटभर खोल असलेल्या मधापर्यंत पोहोचणारी सोंड असते ती मोठ्या रातपतंगांची. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी होतं आणि मान खाली घालतं. त्याच्या पुढच्या दिवशी लाल. आता मधमाश्या, फुलपाखरं आणि शिंजीर यांची पाळी. आयसिकोविच आणि रोटेम या दोन अभ्यासकांनी १९८७ मध्ये याच वेलीवर निबंध लिहिला. रंग आणि रोख दोन्ही बदलून ही वेल रात्रीचे आणि दिवसाचे पाहुणे वाटून घेत असावी, असं त्यांनी मांडलं. एका घोसात तीन रंग दिसतात ते तीन जातींची फुलं म्हणून नव्हे. ती तीन वयांची फुलं असतात.

वेळेचं एवढं भान असलेली वेल लष्करात रुजली याचं कौतुक वाटतं, कारण हे गावही वेळ पाळणारं. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये इथे गाण्याची शाळा काढली. १९१८ मध्ये माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत विद्यालय सुरू झालं. मारवा, पूरिया, श्री हे राग दिवस मावळताना घ्यायचे आणि वेळ सरली की ठेवून द्यायचे, ही शिस्त या गल्ल्यांमधल्या पोरासोरांनाही ऐकून माहीत झाली. राजकवी भा. रा. तांबे (१८७३–१९४१) याच ग्वाल्हेरचे. त्यांच्या कित्येक कवितांबरोबर राग आणि जाती छापलेल्या असतात आणि ठिकाण म्हणून 'लष्कर ग्वाल्हेर' असं लिहिलेलं असतं.

पण जी वेळ रागाला शोभते ती व्यापाराला झेपत नाही. मोगऱ्याची कळी पहाटे, मिटलेली असताना खुडतात. ती गजऱ्यात ओवली जाते, बाजार गाठते, विकली जाते, आणि संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या केसांत उमलते. उमलण्याआधीच व्यवहार पुरा होतो. मोगऱ्याच्या सगळ्या बाजारपेठेचं इंगित एवढंच आहे. मदुराईच्या मल्लीला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते अशाच कळीच्या जोरावर. झेंडू तर उमलल्यावरही तग धरतो. मधुमालती यांपैकी कशालाच तयार नाही. तिचा वास पहिल्या रात्रीपुरता, आणि तोडलेलं फूल लवकरच मान टाकतं. आज पांढरं म्हणून घेतलेलं फूल उद्या गुलाबी होणार. असा माल कुणी टोपलीत भरत नाही. लहान मुली मात्र एका फुलाची नळी दुसऱ्याच्या नळीभोवती गुंफत, बुचाच्या फुलांची करतात तशी, सुईदोऱ्यावाचून वेणी करतात. ती वेणी खेळ संपेपर्यंत टिकली तरी पुष्कळ झालं.

सुगंधाचे भाव लिहून ठेवणारा एक मोठा माणूस ग्वाल्हेरजवळच मातीआड झाला आहे. शहरातून दक्षिणेला डबऱ्याच्या दिशेने निघालं की अंतरी लागतं. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फज्ल दख्खनमधून आग्र्याला परतत असताना १६०२ च्या ऑगस्टमध्ये वीरसिंग बुंदेल्याने त्याला याच भागात गाठून ठार केलं. अंतरीला त्याची कबर आहे. त्याच्या 'ऐन-इ-अकबरी'त अंबर, कस्तुरी, चंदन, अत्तरं यांचे दर मांडलेले आहेत. सुवासिक फुलांची यादीही आहे. चमेली, रायबेल, मोगरा, चाफा, केतकी, जुई अशी ती चालते. आजची मधुमालती तिच्यात नाही. बादशाही हिशेबात तिचं खातं कधी उघडलंच नाही.

त्याच वाटेने आणखी पुढे गेलं की डबऱ्याहून आत पवाया नावाचं खेडं आहे, सिंध आणि पार्वती या नद्यांच्या संगमावर. भवभूतीच्या 'मालतीमाधव' नाटकातली पद्मावती नगरी ती हीच. पुरातत्त्ववेत्ता कनिंगहॅमने पद्मावती नरवरला शोधली होती. ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे यांनी नाटकातल्या नद्या आणि जमिनीवरच्या नद्या ताडून पाहिल्या, पवायाचा पक्ष मांडला आणि तिथे उत्खननही केलं. तिथून मिळालेली मणिभद्र यक्षाची लेख कोरलेली मूर्ती किल्ल्याखालच्या गुजरी महालातल्या संग्रहालयात आहे. ते संग्रहालयही गर्द्यांनीच उभं केलेलं. एका मराठी अधिकाऱ्याने ग्वाल्हेरच्या मातीतून एक संस्कृत नाटक वर काढलं, याचा अभिमान लष्करच्या मराठी घरांनी आहे त्यापेक्षा जास्त बाळगायला हवा.

भवभूती स्वतः विदर्भातल्या पद्मपूरचा. म्हणजे आठव्या शतकात विदर्भाच्या कवीने आपली नायिका ग्वाल्हेरजवळच्या नगरीत नेऊन ठेवली. तिचं नाव मालती, तिच्या सखीचं नाव लवंगिका, आणि प्रेमाची सुरुवात माधवने स्वतः ओवलेल्या बकुळीच्या माळेपासून. फुलांशिवाय या नाटकाचं पानही हलत नाही. मात्र त्यातली मालती ही चमेलीच्या जातीतली वेल. संस्कृत काव्यातली माधवी म्हणजे सह्याद्रीच्या रानात दिसणारी हळदवेल. रंगूनची वेल या दोघींच्या पंगतीला मागाहून येऊन बसली आणि लोकांनी प्रेमाने दोघींचंही नाव तिला देऊन टाकलं. नाव तिला शोभतं. म्हणून कालिदास-भवभूतींच्या श्लोकांत मालती किंवा माधवी दिसली की ती आपल्या कुंपणावरचीच, असं सांगत सुटणं बरोबर नाही. आजकाल ते सर्रास होतं.

हे फूल खाता येतं, ही गोष्ट फार घरांत माहीत नसते. माहीत असते ती मुलांना. फूल खुडून नळीचं खालचं टोक दातांत धरलं की मधाचा ठिपका जिभेवर येतो. आग्नेय आशियात या वेलीचे कोवळे शेंडे कच्चे किंवा वाफवून खातात, फुलं कोशिंबिरीत घालतात. मराठी स्वयंपाकघराला फुलांचं वावडं कधीच नव्हतं. हादग्याच्या फुलांची भाजी, केळफुलाची भाजी, शेवग्याच्या फुलांची, कोकणात कुड्याच्या फुलांची, पावसाळ्याच्या दिवसांत डोंगरातून येणारा चाईचा मोहोर, आदिवासी घरांतली मोहाची फुलं, आणि उन्हाळ्यात बरणीत मुरणारा गुलकंद. केळफूल सोलायला बसलेल्या बाईच्या बोटांना काळा डाग पडतो, हातांना तेल लावावं लागतं, एकेक फुलातला टणक दांडा काढावा लागतो. इतका खटाटोप करून फूल खाणारी माणसं आपण. त्या मानाने मधुमालती काहीच मागत नाही. पहिल्या संध्याकाळची पांढरी फुलं, नळी आणि हिरवा भाग काढून, काकडीच्या कोशिंबिरीवर वाढताना पसरायची. फोडणी आधी गार होऊ द्यायची, नाहीतर वास उडतो. रस्त्याकडेची धुळीने माखलेली किंवा औषध फवारलेली फुलं अर्थातच घ्यायची नाहीत.

बियांच्या वाटेला मात्र जाऊ नये. आपल्याकडच्या बागांत या वेलीला फळ क्वचितच धरतं. धरलं तर ते पाच धारांचं, वाळल्यावर काळपट दिसणारं असतं. चिनी वैद्यकात त्यातल्या बिया पोटातल्या जंतांवर शतकानुशतके देत आले आहेत. फिलिपीन्सच्या आरोग्य खात्याने मान्य केलेल्या दहा औषधी वनस्पतींत या वेलीचा समावेश आहे. पण मात्रा जास्त झाली की उचकी लागते, मळमळतं, म्हणून हे घरी करून पाहायचं काम नव्हे. १९७० च्या दशकात जपानी संशोधकांनी या बियांतून क्विसक्वालिक आम्ल वेगळं काढलं. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप कसे देतात, याच्या अभ्यासात ते इतकं उपयोगी पडलं की पेशींवरच्या, निरोप टिपणाऱ्या एका जातीच्या ग्राहींना (रिसेप्टरांना) काही वर्षं या वेलीवरून आलेल्या नावानेच ओळखत. तेव्हा बाजाराने आणि प्रयोगशाळेने या वेलीकडे अगदीच दुर्लक्ष केलं असं म्हणता येत नाही. त्यांनी बी घेतलं. फूल तेवढं राहून गेलं, आणि ते राहिलं याचं मनापासून बरं वाटतं. ज्या सुगंधाचा भाव ठरला त्याची साठेबाजी झाली, बेटंच्या बेटं त्याच्यापायी उजाड झाली. हा एक वास गल्लीतून जाणाऱ्या हमालाला आणि वाड्याच्या मालकाला सारखाच मिळतो.

लष्करात मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपलीकडे जातो. लू सुटली की दुपारी रस्ते ओस पडतात. मधुमालतीचा बहर याच दिवसांत सुरू होतो आणि पावसाळाभर चालतो. थंडीत ती पानं गाळते आणि भिंतीवर काटक्यांचं जंजाळ तेवढं उरतं. त्या दिवसांत फांदीवर हात फिरवला तर एक गोष्ट बोटांना कळते. पान गळून गेलं तरी त्याच्या देठाचा बुडखा फांदीवर राहिलेला असतो, वाळून टणक आकडा झालेला. या आकड्यांनी अडकत अडकत ती वर चढते. भिंतीला चिकटायला तिच्यापाशी मुळं नाहीत, गुंडाळायला तणावे नाहीत. तिला जाळी हवी, कठडा हवा, खांब हवा. ग्वाल्हेरच्या जुन्या घरांत पिवळसर दगडाच्या जाळ्या, तोड्यांवर पेललेले सज्जे आणि लोखंडी कठडे भरपूर. तिच्यासाठी याहून चांगलं घर नसतं.

ती घरं आता बदलताहेत. वाटण्या होतात, दर्शनी भागात दुकानं निघतात, चौकात फरशी बसते, वर मजले चढतात. त्यात कुणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. माणसं वाढली, जागा तेवढीच. पण फरशी बसवताना वेलीच्या बुंध्याभोवतालची हातभर मातीही झाकली जाते आणि दोन-तीन उन्हाळ्यांत वेल वाळते, तेव्हा जीव हळहळतो. एवढी माती सोडायला गवंड्याला एक विटांचं कडं करावं लागतं, बस्स. नगरपालिकांनी रस्त्याच्या दुभाजकांवर हजारो रोपं लावण्यापेक्षा जुन्या मोहल्ल्यांत भिंतीच्या पायथ्याला अशी कडी सोडायला लावली, तर वाटसरूला सावलीही मिळेल आणि संध्याकाळही.

रोपवाटिकांत मधुमालतीला तोटा नाही. तिथे हल्ली दुहेरी पाकळ्यांची जात जास्त खपते. भरगच्च दिसते म्हणून लोक तीच उचलतात. जुनी एकेरी वेल हवी असेल तर ती ज्याच्या दारात आहे त्याच्याकडे फांदी मागावी. लष्करात अशी फांदी मागितली तर कुणी नाही म्हणत नाही आणि पैसे तर कुणी घेतच नाही. बहर नव्या फुटीवर येतो, म्हणून थंडी सरताना वेल चांगली छाटतात. मागायला जायची वेळ तीच. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, तीन-चार डोळ्यांच्या फांद्या घ्याव्यात. बुंध्याजवळ मुळांसकट फुटलेला धुमारा मिळाला तर आणखी उत्तम, तो हमखास लागतो. माती नसेल तर मोठी कुंडी किंवा जुना ड्रम चालतो, मात्र त्याला दिवसातले पाच-सहा तास ऊन हवं. सुरुवातीला ती झुडूप होऊनच बसेल. तेवढ्यात कठड्यापासून गच्चीपर्यंत एक जाड तार ताणून ठेवावी.